आजोबांचा ब्रॅडमन, नातीचं स्टॉपवॉच

नाशिकरोडच्या एका ताईंनी लिहिलंय. पत्र मोठं आहे, त्याचा गाभा असा:

"माझी मुलगी नववीत आहे, 1500 मीटर पळते. जिल्हा पातळीवर नंबरात येते. सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, शाळेत पीटीचे सर होते. रोज रात्री जेवताना नाना आणि माझा पुतण्या यांची जुंपते. नाना म्हणतात, ब्रॅडमन, ध्यानचंद, निंबाळकर यांच्यासारखे आता होणे नाही, आणि आचरेकर सरांनंतर कोच ही जातच संपली. पुतण्या इंजिनिअर. तो म्हणतो, त्या काळातल्या कुणालाही आजच्या ट्रॅकवर आणा, ज्युनिअरची पोरंसुद्धा मागे टाकतील. इथवर ठीक होतं. आता मात्र सगळं मुलीवर येऊन पडतं. 'कविता राऊत अनवाणी पळाली, तुला महागाचे बूट लागतात.' 'तिचं टायमिंग काय आणि तुझं काय!' नानांचा आग्रह आहे की तिला पंचवटीतल्या एका जुन्या, कडक सरांकडे टाकावं; त्यांनी पूर्वी राष्ट्रीय पातळीचे खेळाडू घडवलेत. हल्लीचे तिचे सर तरुण आहेत, सगळं मोबाइलवर लिहून ठेवतात आणि मध्येच 'आज आराम' म्हणतात. नानांना ते खपत नाही. मागच्या आठवड्यात पोरगी भरल्या ताटावरून उठली. मिस्टर दोघांच्या मध्ये पडत नाहीत. कोच बदलू का? आणि ही तुलना थांबवू कशी?"

ताई,

तुलना थांबवू नका. मालिका बघत मुकाट्याने जेवणाऱ्या घरापेक्षा ब्रॅडमन मोठा की सचिन यावरून भांडणारं घर मला बरं वाटतं. फक्त त्या भांडणातून लेकीचं नाव काढायचं, आणि ते आजच. कसं, ते पुढे सांगतो. आधी तुमच्या हातात बोलायला काहीतरी असू द्या, कारण पीटीच्या सरांपुढे नुसतं 'जाऊ द्या ना नाना' चालत नाही.

ब्रॅडमनबद्दल नाना बरोबर आहेत. 52 कसोटी, 6996 धावा, सरासरी 99.94. पुतण्या म्हणेल, तो कसोटी खेळला फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या मैदानांवर. सचिन 200 कसोटी खेळला, जगभर फिरला, 15,921 धावा काढल्या, त्याची सरासरी 53.78. हेही खरंच. पण दोन काळांतली माणसं एकमेकांशेजारी उभी करून मोजायची नसतात. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या बाकीच्यांशेजारी उभं करायचं आणि मधलं अंतर बघायचं. ब्रॅडमनच्या वेळी पन्नास-साठची सरासरी म्हणजे थोर फलंदाज. हा गडी शंभराच्या उंबऱ्यावर. खेळपट्ट्या झाकायची पद्धत नव्हती, पाऊस पडला की चेंडू काय करील ते देवालाच ठाऊक. पुतण्याला ब्रॅडमन आजच्या वेगवान गोलंदाजासमोर उभा करायचा असेल तर त्याला आजचं हेल्मेट, आजची बॅट, आजचा आहार आणि व्हिडिओही द्यावा लागेल. रिकाम्या हाताने बोलावून हरवण्यात काय मर्दुमकी!

आता हेच अंतराचं माप नानांना उलटंही लागतं. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला हॉकीत 24-1 हरवलं, हा आकडा नाना नक्की सांगत असतील. त्या वेळी हॉकीत उतरलेले संघ किती होते ते विचारा. तीन. भारत, जपान आणि यजमान अमेरिका. ध्यानचंद थोर होते ते या 24 गोलांमुळे नव्हे. त्यासाठी 1936 च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला जर्मनीच्या मातीवर 8-1 असं हरवलं तो सामना काढा. म्हणजे अंतर मोजताना समोर कोण होतं, किती होते, हेही बघावं लागतं. आणि पायाखाली काय होतं हेसुद्धा. भारताने मार्च 1975 मध्ये क्वालालंपूरला हॉकीचा विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये सातवा आला. एवढ्यात काय पिढी बदलली? ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदाच गवत सोडून कृत्रिम मैदानावर खेळवली गेली होती.

निंबाळकरांचं नाव नानांनी काढलं याचा मला आनंद झाला. हल्ली कोण काढतं? 1948 साली पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर. आणि समोरच्या कर्णधाराने, आपल्या संघाविरुद्ध असला विक्रम लागायला नको म्हणून, सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही. विजय मर्चंट यांचंही बघा, प्रथम श्रेणीत 71.64 ची सरासरी, म्हणजे इतिहासात ब्रॅडमनच्या खालोखाल, आणि वाट्याला कसोटी आल्या फक्त 10. मधली चांगली वर्षं महायुद्धाने खाल्ली. नाना हे अभिमानाने सांगत असतील, मला ते वाचताना राग येतो. जुना काळ सोन्याचा होता म्हणणाऱ्याने ही दोन माणसं एकदा तरी डोळ्यांसमोर आणावीत.

पुतण्यालाही थोडं ऐकवायचंय. विज्ञान पुढे गेलं, ट्रॅक सुधारले, म्हणून आजचा प्रत्येक जण कालच्यापेक्षा वेगवान, असं त्याचं गणित आहे. पी. टी. उषा 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये 400 मीटर अडथळ्यांची शर्यत 55.42 सेकंदांत पळाली आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचं कांस्यपदक हुकलं. तो राष्ट्रीय विक्रम मोडायला नव्हे, नुसता गाठायला 2023 उजाडलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विथ्या रामराजने प्राथमिक फेरीत वेळ नोंदवली, तीही 55.42. एकोणचाळीस वर्षांत बूट बदलले, आहारतज्ज्ञ आले, परदेशी शिबिरं झाली, आणि घड्याळ त्याच शंभराव्या भागावर थांबलं. उषामागे होते तिचे कोच ओ. एम. नंबियार, हवाई दलातून आलेले. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 ला सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. प्रयोगशाळा नव्हती, केरळचा समुद्रकिनारा होता.

आता कविता राऊतकडे येऊ, कारण तुमच्या घरात खरा बाण तोच आहे.

हरसूलकडच्या सावरपाड्याची ही मुलगी. सावरपाडा एक्सप्रेस हे नाव नाशिककरांना नव्याने सांगायला नको. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती 10,000 मीटर पळाली, वेळ 33 मिनिटं 5.28 सेकंद, कांस्यपदक. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझोऊला आशियाई स्पर्धेत तेच अंतर ती 31 मिनिटं 51.44 सेकंदांत पळाली आणि रौप्य मिळालं. सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे जेमतेम एका सेकंदाने होती. आता हे दोन आकडे एका कागदावर लिहून नानांच्या ताटाशेजारी ठेवा. मुलगी तीच, गुरू तेच, वर्ष तेच, आणि फरक जवळजवळ 74 सेकंदांचा. दहा हजार मीटरमध्ये 74 सेकंद म्हणजे अर्ध्या-पाऊण फेरीचं नव्हे, तर जवळपास एका अख्ख्या फेरीचं अंतर. दिल्लीतली शर्यत संथ झाली, ग्वांगझोऊला पहिल्या तिघी शेवटपर्यंत एकमेकींना सोडेनात. कविताची स्वतःशी तुलनासुद्धा नुसत्या घड्याळावर होत नाही, तर तुमच्या लेकीचं टायमिंग तिच्या टायमिंगशेजारी ठेवून काय कळणार?

बुटांचं म्हणाल तर नानांना अबेबे बिकिला आठवत असेल. 1960 ला रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. हे सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोला तो पुन्हा जिंकला, 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत, तेव्हा पायात बूट होते, हे कुणी सांगत नाही. गरिबीत पळावं लागलं म्हणून माणूस मोठा झाला, असं म्हणणं सोपं आहे. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या किती पोरी बुटांवाचून, एसटीच्या पैशांवाचून घरी बसल्या, त्याची यादी कुठे छापून येत नाही. उलट आजच्या बुटांचा फायदा होतो हेही नानांनी म्हटलं तर मान्य करा. जाड सोल आणि आत कार्बनची पट्टी असलेल्या बुटांनी वेळा इतक्या खाली आल्या की रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी 40 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असा नियमच करावा लागला. पण नववीतल्या मुलीला असले बूट मुळात लागत नाहीत. साधे, मापाचे, झिजले की बदललेले बूट पुरतात. आणि ते तिचे लाड नव्हेत, नडगीचं हाड वाचवण्याचा खर्च आहे.

कोचचं गणित खेळाडूपेक्षा अवघड. खेळाडूचा निदान आकडा असतो. कोचचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. त्यामुळे 'मोठा खेळाडू असेल तोच मोठा कोच' हे पहिल्याच चेंडूवर बाद. नेटमध्ये सचिन फलंदाजी करताना यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे, त्याला बाद करील त्याचं, नाही झाला तर सचिनचं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्यांची थोरवी सचिनपेक्षा इतरांमध्ये दिसते: बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर. कुणी गोलंदाज, कुणी यष्टिरक्षक, कुणी सलामीचा, कुणी डावखुरा. सचिन एखाद्याच्या नशिबाने वाट्याला येऊ शकतो. इतके वेगवेगळे सगळे नशिबाने येत नाहीत. आणि 'आचरेकरांनंतर कोच संपले' म्हणणाऱ्या नानांना त्यांच्याच चेल्याचा हिशोब दाखवा. चंद्रकांत पंडित यांनी कोच म्हणून मुंबईला तीनदा, विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि 2022 ला मध्य प्रदेशाला रणजी जिंकून दिली. विदर्भ आणि मध्य प्रदेश या दोघांनीही त्याआधी ती कधी जिंकली नव्हती. संघ बदलला, खेळाडू बदलले, निकाल तोच. बेंगळुरूच्या ज्या मैदानावर 1999 मध्ये ते मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते, तिथेच 2022 चा हा विजय मिळाला.

याच्या उलट उदाहरणही नानांच्याच तरुणपणातलं आहे. मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा रणजी जिंकली. आजच्यासारखा कोच, फिजिओ, विश्लेषक असा ताफा तेव्हा कुणाकडेच नव्हता. मैदानं होती, पावसाळ्यातली क्लबांची कांगा लीग होती, क्लबातले खडूस सीनिअर होते. मग त्या 15 विजयांचा कोच कोण? उत्तर शोधायला नाना आणि पुतण्याला एक अख्खा रविवार द्या.

नाशिकच्या पळणाऱ्यांचं श्रेय विजेंदर सिंग यांना द्यावंच लागेल, आणि तेही याच मापाने. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर त्यांच्या हाताखाली एकटी कविता तयार झाली असती तर आपण म्हटलं असतं, पोरगीच हिऱ्यासारखी होती. पण पाठोपाठ मोनिका आथरे आली, 2017 च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळाली. संजीवनी जाधव आली, त्याच वर्षी भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5000 मीटरचं कांस्य घेऊन गेली. कुस्तीत काका पवारांचं तसंच. 2020 च्या महाराष्ट्र केसरीला अंतिम फेरीत आपला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघंही त्यांच्याच तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन आखाडाभर फिरला. ते चित्र मला गदेपेक्षा जास्त सांगून गेलं. हरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी त्याच तालमीत परत यायला तयार आहे की नाही, यावरून वस्ताद कळतो.

म्हणून पंचवटीतल्या सरांबद्दल निर्णय घेण्याआधी त्यांनी किती राष्ट्रीय खेळाडू काढले हे विचारू नका, ते नानांनी सांगितलंच आहे. ते कधीचे, हे विचारा. गेल्या पाच वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या मुलींपैकी आज किती जणी पळतायत? ज्या सोडून गेल्या त्या का गेल्या? दोघी-तिघींच्या आयांना फोन करा. आई लोक खरं बोलतात, वडील पदकं मोजतात. मग एक संध्याकाळ न सांगता जाऊन कठड्यावर बसा. फेरी संपवून पोरगी धापा टाकत आली की आधी कुणाकडे बघते ते पाहा. कोचकडे बघत असेल तर ठीक. फोनमधलं स्टॉपवॉच धरून बसलेल्या बापाकडे बघत असेल तर तिथे कोच दुसराच आहे. आणि कोचकडे बघताना खांदे आक्रसत असतील तर तिथून उठा. कडक असणं वेगळं आणि हात उचलणं, चारचौघांत मुलीच्या वजनावर बोलणं वेगळं. 'आमच्या वेळी छड्या खाऊनच खेळाडू झाले' असं नाना म्हणतील. झाले असतील, पण छड्या खाऊन मैदान सोडलेले त्यांच्या हजेरीपटात शोधा म्हणावं.

हीच कसोटी हल्लीच्या तरुण सरांनाही लावा. मोबाइलवर लिहून ठेवतात ते उत्तम, पण लिहिलेलं वाचतात का? तीन महिन्यांपूर्वीचा सराव आणि आजचा सराव यात काय बदललं, का बदललं, हे त्यांना तुमच्यासमोर साध्या मराठीत सांगता यायला हवं. नुसते तक्ते दाखवले तर समजा, ॲप विकणाऱ्याने त्यांना कोच केलंय.

'आज आराम' मात्र त्यांचं बरोबर आहे, आणि ही गोष्ट नानांना नीट समजावून सांगायला हवी. सराव शरीराला मोडतो, विश्रांतीत ते पुन्हा बांधलं जातं. पंधराव्या वर्षी मुलीचं शरीर बदलत असतं. उंची, कंबर, वजन सगळं. या वर्ष-दोन वर्षांत कितीतरी चांगल्या धावपटू मुलींच्या वेळा जागच्या जागी थांबतात, कधी मागेही जातात. त्याच वयात मुलांच्या वेळा धडाधड सुधारतात, म्हणून मुली जास्तच आळशी दिसतात. ती आळशी झालेली नसते. याच टप्प्यावर घरचे टोचतात, कोच सराव वाढवतो, मुलगी जेवण कमी करते, आणि नडगीचं हाड तडकतं किंवा पोरगी पळणंच सोडते. तुमची लेक ताटावरून उठली, ते मला सगळ्यात जास्त बोचलं ते यासाठी. या आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, शक्य असेल तर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. पाळी नियमित आहे का ते तुम्ही विचारा, सरांवर सोडू नका. सलग तीन महिने चुकली तर 'खेळाडूंचं असंच असतं' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, डॉक्टरांकडे जा.

नानांना सांगायचं कुणी? तुमच्या मिस्टरांनी. सासऱ्यांशी बोलायची हिंमत तुमच्यात नाही असं मी म्हणत नाही. पण वडिलांना मुलाने सांगितलं तर ती घरातली गोष्ट राहते, सुनेने सांगितलं की तक्रार होते. जेवताना नको, सकाळी चहाच्या वेळी, पुतण्या नसताना. वाक्य एकच पुरे: 'नाना, पोरीचं टायमिंग घरात निघणार नाही, मैदानावर सर काढतील.' आणि नानांच्या हाताला काम द्या. पीटी सरांना पळण्याचं तंत्र दिसतं, हात कसे हलतात, वळणावर खांदा पडतो का, हे फोनला दिसत नाही. तिच्या हल्लीच्या सरांनी नानांना एखाद्या शनिवारी मैदानावर बोलवावं, बोलणं तिथे होऊ द्यावं. दोघांचं पटेल असा शब्द मी देत नाही. पण समोर बघितलेल्या माणसाविषयी जेवताना थोडं कमी वाईट बोललं जातं.

आणि तिला स्वतःला विचारलंत का? तुमच्या पत्रात नाना बोलतात, पुतण्या बोलतो, तुम्ही बोलता. ती फक्त ताटावरून उठते. कोच बदलायचा की नाही यात पहिलं मत तिचं घ्या.

माझं मत विचाराल तर या हंगामात बदलू नका. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धा होऊ द्या. तोवर वर सांगितलेली चौकशी करून ठेवा. नाशिकरोडहून पंचवटी म्हणजे रोज द्वारका चौक दोनदा ओलांडायचा. पहाटेचं ठीक, पण संध्याकाळी तो चौक अर्धा-पाऊण तास सहज गिळतो, आणि तो तिच्या झोपेतून जाणार. पुढच्या वर्षी दहावी. एवढं सगळं धरूनही ती स्वतः जायचं म्हणाली, तर सुट्टीत महिनाभर तिकडे पाठवून बघा, आणि आधीच्या सरांना अंधारात ठेवून नव्हे, त्यांना सांगून.